सवलतीत मंजूर

एकतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत
मी दुसऱ्यांनी केलेल्या कामाचं माप घेतलं.
उजवा डोळा मिटायचा, डावा व्हर्नियरवर,
दोन रेघा जिथे जुळतात तो आकडा वहीत.
डावाच गेला.

गेला म्हणजे पडदा सुटला.
ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा,
नगरकर मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर गोल काढून दाखवला.
गोल एका बाजूला दबलेला होता.
मी काही बोलले नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा,
आणि दहा दिवस मान खाली.
जेवताना खाली, झोपताना पालथं.
माणसं पायांवरून ओळखायची:
उत्तमच्या टाचेची भेग,
प्रज्ञाच्या नखांवर अर्धा उरलेला रंग.
शेजारची फ्लोरी डबा घेऊन आली
तेव्हा कळलं, तिचा डावा पाय ओढत येतो.
वीस वर्षं समोर राहते.

बुडबुडा मात्र ओळखीचा. पाणसळीतला.
मशीन बसवताना आम्ही त्याला
दोन रेघांच्या मधे आणून सोडायचो.
आता मान जरा हलली की तो सरकायचा,
कललेली मीच आहे, हे सांगायला.

सातव्या दिवशी वाईहून फोन. दादा गेला.
घाट चढायचा नाही, मॅडमनी आधीच बजावलेलं,
उंचीवर बुडबुडा फुगतो, डोळा आतून दाबतो.
खंबाटकी.
लहानपणी एसटीच्या खिडकीतून उलट्या करत
दादा आणि मी चढलेला एवढासा घाट.
जलदानविधीला उत्तम एकटा गेला.
मी पालथी पडून होते.
उशी भिजली तर चालेल का,
हे मॅडमना विचारायचं राहून गेलं होतं.

तरी प्रेशर वाढलंच. घाट न चढता.
अडतीस.
पहाटे तीनला रिक्षा, शेजारी उत्तम, हातात पिशवी,
विद्यापीठाच्या चौकात नुसतेच पिवळे उघडमीट करणारे सिग्नल
आणि प्रत्येकाभोवती इंद्रधनुष्याचं कडं.
माझं कुठे चुकलं? मान तर हलवली नव्हती.
कुणाचंच नाही, मॅडम म्हणाल्या. होतं काही जणांना.

काही जणांना.
आमच्याकडे शंभरात दोन नापास धरलेलेच असायचे.
मी लाल ठिपका देऊन त्यांना बाजूला सारायची.
त्या दोघांना मी कधी काही विचारलं नव्हतं.

मग पडदा पुन्हा सुटला, मग तेल.
आम्हीही गेज तेलातच ठेवायचो, गंजू नयेत म्हणून.
सहा महिने मी जगाकडे
तेलाच्या बाटलीतून बघितलं.

आता पडदा जागेवर आहे. मॅडम खूश आहेत.
फक्त मधोमध सुरकुती राहिली.
जाळीचा कागद समोर धरला की
मधल्या चार चौकटी कुणी आत ओढल्यासारख्या.
दाराची चौकट कमरेत वाकते.
मिशी वाकडी कापलीस, मी उत्तमला म्हटलं.
तो आरशात जाऊन बघून आला,
आणि परत आल्यावर म्हणाला, हो, थोडी.

आमच्या टेबलावर शिक्के दोनच, पास आणि रद्द.
तिसरा साहेबाच्या कपाटात असायचा, निळ्या शाईचा,
सवलतीत मंजूर.
म्हणजे माप चुकलंय, पण काम होईल.
मला तो कधी आवडला नाही.
साहेब सही करायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघायची.

चहा ओतताना कप दिसतो तिथे नसतो.
आधी किटलीची चोच काठाला टेकवते,
टिक् ऐकते, मग ओतते.
थोडा बशीत जातो.
उत्तम बशीनेच पितो. आधीपासून.